तिसऱ्या रविवारची हरकत

देवाला हिमोग्लोबिनमध्ये कितपत रस असावा, ही शंका मला म्हातारपणी आली. खरं तर ती तरुणपणी यायला हवी होती. पण प्राणिशास्त्राची पदवी घेऊन नागपूरहून नवी नवरी म्हणून मी रायपूरला आले, तेव्हा जगात शंका घेण्यासारखं काही उरलंय असं मला वाटतच नव्हतं. आठवडाभर शाळेत मुलींना बेडकाचं हृदय उघडून दाखवायचं आणि रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गायचं, असा माझा खाक्या होता. बेडूक आणि प्रभू यांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी असं कधी डोक्यात आलं नाही. दोघांची खाती वेगळी, आणि दोन्ही खात्यांची साहेब मी.

एकदाच गाठ घालायला गेले, ती गोष्ट सांगते, म्हणजे ही साक्ष कोण देतंय ते आधीच कळलेलं बरं. आमचे हे रेल्वेत गार्ड होते. त्यांना मलेरिया झाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, महिला मंडळाच्या बायकांनी क्वार्टरवर येऊन प्रार्थना केली आणि ताप उतरला. झालं, मला प्रश्न पडला की उतरवला कोणी? पुढच्या पावसाळ्यात त्यांना परत ताप आला, तेव्हा मी संध्याकाळची गोळी चहाच्या डब्यामागे ठेवली आणि नुसती प्रार्थना केली. प्रयोग म्हणजे प्रयोग, त्यात दोन गोष्टी एकदम करून कसं चालेल? माणसाच्या अंगाला असं हीव भरलं की खाटेचे पाय फरशीवर वाजायला लागले. दात वाजवतच ते म्हणाले, “तू मले बेडूक समजून राहिली का वो?” मी धावत जाऊन गोळी आणली. पुढे दर नाताळाला घरात पाहुणे भरले की ते ही गोष्ट सांगायचे आणि मी आत जाऊन उगाच करंज्या मोजायचे. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि देवाची परीक्षा घेऊन त्याला नापास करायच्या तयारीत होते. आता त्या पोरीचा राग येत नाही, तिच्या वेणीला धरून एक हिसका द्यावासा मात्र वाटतो.

आमचे हे प्रभूकडे जाऊन बरीच वर्षं झाली. मी मुलाकडे, विनयकडे, तेलीबांध्याला राहते. संध्याकाळी तलावाला एक फेरी मारते, दुसरी मारल्याचं घरी सांगते. विनयची मुलगी श्रुती नवा रायपूरला एका ऑफिसात नोकरी करते. मराठी तिला सगळं कळतं. बोलताना अर्धं वाक्य मराठीत सुरू होतं आणि हिंदीत जाऊन संपतं. चर्चच्या गायक मंडळात रोहन नावाचा मुलगा होता, त्याच्याशी तिचं जमलं. मुलगा बीरगांवचा, वडील उरल्याच्या कारखान्यात होते, मूळ घर आमच्यासारखंच विदर्भातलं. पोरगा शांत, आवाज चांगला, माझ्या पाया पडताना गुडघे न वाजवणारा. नावं ठेवायला मला काही सापडलं नाही, आणि मी शोधलं होतं.

अडचण एकच होती. श्रुती कॉलेजात असताना तिथे रक्ततपासणीचं शिबिर झालं होतं, त्यात ती सिकलची वाहक निघाली होती. सिकल आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे, पण बाहेरच्यांसाठी सांगते. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी या आजारात विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडांत अशी कळ उठते की मोठा माणूस लहान मुलासारखा रडतो. आई आणि बाप दोघांकडूनही तो गुण आला तरच हा आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो, फक्त पुढच्या पिढीला तो देऊ शकतो. अशा माणसाला वाहक म्हणायचं. श्रुतीला स्वतःला कसला त्रास नव्हता. प्रश्न होता रोहनच्या रक्ताचा, आणि ते तपासायला कोणी तयार होईना.

म्हणजे रोहन तयार होता. त्याची आई, मार्थाबाई, नव्हती. साखरपुड्याची बोलणी करायला आम्ही बीरगांवला गेलो तेव्हा मी विषय काढला. मार्थाबाईंनी पोह्यांची बशी माझ्यासमोर ठेवली, पण हात बशीवरून काढला नाही.

“आमच्या रोहनले काय झालं वो मॅडम? बैलासारखा पोट्टा आहे. रक्त काढून काय पाहता, कुंडली पाहिल्यासारखं? आपण काय कुंडली पाहणारे लोक आहो?”

“कुंडलीत ग्रह असतात, मार्थाबाई. रक्तात तुमची नातवंडं असतात.”

“नातवंडं देवाच्या हातात असतात,” त्या म्हणाल्या आणि बशी माझ्याकडे सरकवली. “तुम्ही पोहे खा.”

पोहे चांगले होते. रोहनने जिन्यात मला सांगितलं, “आजी, मैं करा लूँगा, आप टेंशन मत लो.” आणि मग तरुण माणसं जे करतात तेच त्याने केलं, म्हणजे काहीच केलं नाही. लग्नाची तारीख ठरली आणि पहिल्या रविवारी नावं पुकारली गेली.

ही पुकारण्याची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार भर उपासनेत वधूवरांची नावं वाचतात. वाचून झाल्यावर पाळकसाहेब विचारतात, की या दोघांच्या विवाहाला कोणाची काही हरकत असल्यास त्याने आताच सांगावं. मग ते क्षणभर थांबतात. मी जन्मभर हे ऐकत आले आहे आणि त्या क्षणी कोणी उभं राहिलेलं मी पाहिलेलं नाही. त्या शांततेत बायका पदर सारखा करतात, मुलांची नाकं पुसतात. त्यातून आमची मराठी उपासना सकाळची पहिली, लगेच हिंदी उपासनेची मंडळी दाराशी येऊन उभी राहतात, त्यामुळे पाळकसाहेबांचं थांबणंही नावापुरतंच असतं. त्या पहिल्या रविवारी मात्र मला एकदम जाणवलं की हा प्रश्न खरोखरचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर, श्रुतीचा कॉलेजातला रिपोर्ट, माझ्या पर्समध्ये आहे.

घरी येऊन मी जाहीर केलं की तिसऱ्या रविवारपर्यंत रोहनचा रिपोर्ट आला नाही तर मी चर्चमध्ये उभी राहीन. श्रुती म्हणाली, “आजी, तू पागल आहेस का?” विनयच्या चेहऱ्यावर मला सुटकेसारखं काहीतरी दिसलं. रोहन दुसऱ्याच दिवशी जाऊन रक्त देऊन आला.

रिपोर्टची वाट बघताना मी प्रार्थना सुरू केली. मनापासून केली, गुडघ्यांवर बसून केली, आणि माझ्या गुडघ्यांची अवस्था बघता ती छोटी गोष्ट नव्हती. प्रभू, या मुलाचं रक्त स्वच्छ असू दे. दोनतीन दिवसांनी, पलंगाचा काठ धरून उठताना, माझ्या लक्षात आलं की मी काय मागते आहे. रोहनच्या रक्ताचं जे काही ठरायचं ते तो आईच्या पोटात आला तेव्हाच ठरलं होतं. जी गोष्ट तो जन्मायच्या आधीच होऊन गेली, ती बदलून दे म्हणून मी आता जमिनीवर बसून देवाला सांगत होते, जणू तो प्रयोगशाळेत रिपोर्ट टाइप करणारा बाबू आहे आणि ओळखीने एखादं अक्षर बदलेल. मला हसू आलं आणि मग हसू थांबलं. चाळीस वर्षं शिकवलेलं विज्ञान आणि सत्तर वर्षं केलेली प्रार्थना एकाच खोलीत पहिल्यांदा समोरासमोर बसली होती, आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. त्या दिवशी मी प्रार्थना अर्धी सोडून उठले. पुढे बरेच दिवस मला प्रार्थना जमली नाही. तोंडाने शब्द यायचे, पण ते कोणाला उद्देशून आहेत ते कळायचं नाही.

रिपोर्ट आला. रोहनही वाहक होता.

म्हणजे दोघंही स्वतः निरोगी आणि दोघांच्याही रक्तात तो गुण. प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. आमच्या घरी दोन्हीकडची माणसं जमली तेव्हा मी हे कागदावर चौकोन काढून समजावलं, वर्गात समजवायचे तसं. मार्थाबाईंनी नीट ऐकलं आणि म्हणाल्या, “चारातलं एक न? मंग दोनच होऊ देऊ.”

बारावीच्या मुली पेपरात नेमकं हेच लिहायच्या आणि मी निष्ठुरपणे गुण कापायचे. मार्थाबाईंचे गुण कापून चालणार नव्हतं. मी म्हटलं, “लुडो खेळता न? पासा दर वेळी नव्यानं पडतो. मागच्या वेळी काय पडलं ते त्याच्या ध्यानात नसते. आजार पहिल्याच मुलाला होऊ शकतो, चारही मुलांना होऊ शकतो, किंवा एकालाही होणार नाही.”

त्यांनी तो कागद स्वतःकडे ओढून घेतला. मग हळूच म्हणाल्या, “तुम्हीच शिकल्या इतकं. मंग पासा कोण टाकते, ते सांगा न.”

हे माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं. विनयने मात्र सांगून टाकलं की लग्न मोडावं. तो चिडून बोलला नाही, ऑफिसात एखादं टेंडर रद्द करतात तसं बोलला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. बाप म्हणून मी असते तर तेच म्हटलं असतं. श्रुती उठून गॅलरीत गेली. रोहन तिच्या मागे जावं की नाही हे न कळून खुर्चीच्या काठावर तसाच बसून राहिला. पाहुणे गेल्यावर विनय मला म्हणाला, “आई, तिसऱ्या रविवारी तू उभी राहा. श्रुती माझं ऐकणार नाही. तू भर चर्चमध्ये बोललीस तर पाळकसाहेबांना थांबावंच लागेल.”

मी पाळकसाहेबांकडे गेले. विनयच्याच वयाचे आहेत, भले गृहस्थ, घाबरले की चष्मा पुसतात. सगळं ऐकून त्यांनी चष्मा पुसला. “बाई, हरकत म्हणजे काय? आधीचं लग्न, जवळचं नातं, कमी वय, जबरदस्ती. रक्ततपासणी त्यात बसत नाही. पण तुम्ही उभ्या राहिलात तर मला लग्न पुढे ढकलावं लागेल, चौकशी बसवावी लागेल. आणि एकदा ढकललेलं लग्न...” त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “मी तुम्हाला उभ्या राहू नका म्हणणार नाही. राहा असंही म्हणणार नाही.” दुसऱ्या रविवारी त्यांनी नावं वाचली तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. मी बसून होते, कारण मी तिसरा रविवार म्हटलं होतं आणि मी शब्दाची पक्की आहे. एक लग्न माझ्या गुडघ्यांवर येऊन थांबलं होतं. ते वाकलेले राहिले तर होणार, सरळ झाले तर नाही.

मधल्या आठवड्यात श्रुती आणि रोहनने सरकारी दवाखान्यात सिकलच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मी म्हटलं मीही येते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण नाही म्हणायची हिंमत केली नाही. आत त्यांना बोलावलं तेव्हा मात्र श्रुतीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “आजी, तू बाहेर बस.” ते वाक्य तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत बोललं, त्यावरूनच मी काय ते समजले आणि बसले.

बाकावर माझ्या शेजारी तिशीच्या आतबाहेरची एक बाई होती. अभनपूरहून आली होती, पिशवीत अर्धवट शिवलेला ब्लाउज घेऊन बसल्या बसल्या हुक लावत होती. डोळ्यांत पिवळेपणा, मनगटं काडीसारखी, पण सुई भराभर चालत होती. पंखा होता, वारा नव्हता. मला बहुधा घेरी येत असावी, कारण तिने सुई ब्लाउजला टोचून ठेवली आणि आपली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. “पानी पी ले दाई. तोर मुँह सुखा गे हे.” दाई म्हणजे छत्तीसगढीत आई. मी संकोच केला तर म्हणाली, “मोर करा दू ठन हे,” आणि पिशवीतली दुसरी बाटली दाखवली. सिकलच्या माणसाने सारखं पाणी प्यायचं असतं, ती बाटल्या घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. मी प्यायले. तिने विचारलं, कोणासाठी आलीस? मी माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं. शेवटी मी शिक्षिकेच्या आवाजात म्हटलं, की हेच जर आईबापांनी लग्नाआधी तपासलं असतं आणि लग्नं केली नसती, तर इथे या बाकांवर एवढी माणसं दुखण्यानं कण्हत बसली नसती.

ती हसली. सुई परत हातात घेतली आणि हुक लावता लावता, जसं आज बस उशिरा आली म्हणावं तशा आवाजात म्हणाली, “त मैं नइ होतेंव, दाई.”

तर मग मी नसतेच.

 तिला लागलं असेल म्हणून मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण ती हुकच बघत होती. मग आपणहून थोडं बोलली. दुखतं तेव्हा फार दुखतं. भाऊ याच आजाराने गेला, तेव्हा औषध माहीत नव्हतं, झाडफूक करत राहिले. ती रोज गोळी घेते, वर्षातून एखाददोन वेळा भरती होते, बाकी दिवस शिलाई. दिवाळीच्या आधी इतकं काम येतं की आजारी पडायला फुरसत नसते. तिचं नाव पुकारलं. ती “हव” म्हणून उठली, ब्लाउज पिशवीत कोंबला आणि आत गेली. बाटली माझ्याकडेच राहिली. नंतर मी तिला शोधलं, पण दुसऱ्या दाराने गेली असावी.

मी चमत्कार वगैरे म्हणत नाही. एका आजारी बाईने एका म्हाताऱ्या बाईला पाणी दिलं आणि एक खरं वाक्य बोलून ती निघून गेली. अशी वाक्यं माणसं रोज बोलत असतील. माझ्यापुरतं एवढंच सांगू शकते की कित्येक दिवसांनी माझ्या आतलं कोणीतरी बोलायचं थांबलं आणि ऐकायला लागलं. मी फळ्यावर चौकोन काढायचे. तीन चौकोन पांढऱ्या खडूने आणि चौथा लाल खडूने भरायचे. चाळीस वर्षं भरला. त्या लाल चौकोनात कोणी बसून ब्लाउजला हुक लावत असेल, हे माझ्या विज्ञानाने मला सांगितलं नव्हतं, कारण ते त्याचं काम नव्हतं. ते ज्याचं काम होतं, त्याच्याकडे मी आयुष्यभर फक्त रिपोर्ट बदलून मागत होते.

मुलं बाहेर आली. घरी जाताना आम्ही तलावाशी थांबलो. रोहनने भुट्टे आणले, माझ्यासाठी दाणे काढून. डॉक्टरांनी तासभर समजावलं होतं. धोका काय आहे, गरोदरपणात कोणत्या तपासण्या होतात, मूल जन्मल्यावर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन कसं कळतं, कळलं तर कोणतं औषध कधीपासून, कोणत्या लशी. श्रुती पाण्याकडे बघत म्हणाली, “मले भीती वाटते, आजी. बहुत वाटते.” तिच्या तोंडून ‘मले’ मी क्वचितच ऐकते, आमचे हे बोलायचे तसं. “पर मैंने सोच लिया है.”

रोहन म्हणाला, “आजी, हम जाँच कराएँगे. पहले दिन से. हटाने के लिए नहीं, सँभालने के लिए.” मग अडखळत, माझ्यासाठी मराठीत म्हणाला, “तुम्ही उभ्या राहाल का?”

“मले माहीत नाही,” मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

तिसरा रविवार आला. चर्च भरलं होतं. माझ्या धमकीची बातमी बीरगांवपासून तेलीबांध्यापर्यंत पोहोचलेली असावी, कारण एरवी उशिरा येणारी माणसं वेळेच्या आधी येऊन चांगल्या जागा धरून बसली होती. विनय माझ्या उजव्या हाताला. मार्थाबाई पलीकडच्या रांगेतून माझ्याकडे अशा बघत होत्या, की मी नुसता पदर सावरला तरी त्या दचकायच्या. पाळकसाहेबांनी नावं वाचली. हरकत असेल तर आताच सांगावी. आणि ते थांबले. एरवी श्वास घेण्यापुरते थांबतात. त्या दिवशी ते थांबून माझ्याकडे पाहत राहिले. दाराशी हिंदी उपासनेची मंडळी चुळबुळत होती. कोणीतरी खोकलं, तर अख्खं चर्च माझ्याकडे वळलं.

मी बसले होते. विनयचा कोपर मला लागत होता. माझ्याजवळ कारण होतं, रिपोर्ट होता, आणि नातीवरची माया होती, जी या सगळ्यांत जास्त धोक्याची. मी उभी राहिले असते तर ते प्रेमापोटीच राहिले असते. पण जे कळायचं ते त्या दोघांना माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं; न कळता ते पुढे जात नव्हते. आता उरलं होतं ते कोणालाच कळण्यासारखं नव्हतं. मार्थाबाईंना वाटायचं शरण जाणं म्हणजे रक्त न तपासणं. मला वाटायचं रक्त तपासावं आणि मग निकाल माझ्या मनासारखा लागला की देवाचे आभार मानावेत, त्याला शरण जाणं म्हणावं. त्या क्षणी मी मांडीवरचे हात उलटे केले, तळवे वर, आणि मनात एवढंच म्हटलं, की प्रभू, मला माहीत आहे ते सगळं मला माहीत आहे, आणि पुढचं तुझं. मी पहिल्यांदाच काही न मागता प्रार्थना केली होती. मागण्यासारखं काही नव्हतं म्हणून नव्हे. मागायला गेले असते तर मला काय हवंय हे देवापेक्षा जास्त कळतं असं परत धरून चालावं लागलं असतं, म्हणून.

मी उठले नाही. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला आणि पुढचं गीत सांगितलं. माझ्या डोक्यावरून पंखा फिरत होता तसा फिरत राहिला.

बाहेर मार्थाबाईंनी माझा हात धरला. “मले वाटलं तुम्ही उठताच.”

“उठणारच होते,” मी म्हटलं. “गुडघा धरला.”

विनय माझ्याशी आठवडाभर तुटक बोलला. लग्न झालं. पुढल्या वर्षाच्या शेवटी श्रुतीला मुलगी झाली. टाचेतून थेंबभर रक्त घेतलं आणि आम्ही वाट पाहिली. या वेळी मी रिपोर्टसाठी प्रार्थना केली नाही, मुलीसाठी केली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वाचून दाखवलेला रिपोर्ट चौथ्या चौकोनाचा निघाला. आमच्या पोट्टीला सिकल आहे. वाचणाऱ्यांपैकी कोणी इथे चांगल्या बातमीची वाट पाहत असेल तर मी त्यांची क्षमा मागते. मीसुद्धा पाहत होते. श्रुती भिंतीकडे तोंड करून रडली. रोहन तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. मी विनयकडे पाहिलं. ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणायचा हक्क त्या खोलीत फक्त त्याला होता. त्याने नातीची इवलीशी टाच, जिथून रक्त घेतलं होतं, अंगठ्याने हळूच चोळली आणि विचारलं, “पहिली लस कधी आहे?” आणि रक्ततपासणीला कुंडली म्हणणाऱ्या मार्थाबाई डोळे पुसून डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, “औषध कवापासून चालू करायचं, ते नीट सांगा. मले सांगा. याईले ध्यानात नाही राहत.” तेव्हा मला वाटलं की माझ्या प्रार्थनेला उत्तर आलं, आणि मी जे मागितलंच नव्हतं ते आलं. आजार आला होता तो दार वाजवून आला होता. घरातली सगळी माणसं जागी होती. पहिली कळ उठायच्या आधी पहिलं औषध मुलीच्या पोटात जाणार होतं.

हे औषध कोणी शोधलं, तो माणूस कुठल्या देवाला मानायचा की कुठल्याच नाही, मला ठाऊक नाही. मी रोज त्याच्यासाठीही आभार मानते. देव आणि औषध यांतलं श्रेय कोणाचं, हा प्रश्न मला आता पडत नाही. उत्तर मिळालं म्हणून नाही. घरात एवढं काम आहे की प्रश्नाला बसायला जागा नाही.

पोट्टी आता काही महिन्यांची आहे. श्रुती कामावर जाते तेव्हा ती माझ्याकडे असते आणि सकाळी मार्थाबाई बीरगांवहून ऑटोने येतात. औषधाची वेळ झाली की त्या मुलीला मांडीवर घेतात, तिच्या कपाळावर हात ठेवतात, डोळे मिटतात आणि प्रार्थना सुरू करतात. मार्थाबाईंची प्रार्थना लांबलचक असते. त्यात आधी सगळं जग येतं, मग छत्तीसगड, मग बीरगांव, आणि आमच्यापर्यंत पोहोचेतो मुलगी कंटाळते. मी समोर ड्रॉपर भरून बसते. औषध कडू आहे, एरवी ती ओठ घट्ट मिटून घेते किंवा माझ्या पांढऱ्या साडीवर थुंकते. म्हणून मी डोळे मिटत नाही. मार्थाबाई कुठेतरी राज्याच्या सीमेवर असतात तेव्हा पोट्टीला मोठी जांभई येते. मी तेवढ्यात औषध आत सोडते, गिळलं की हनुवटी पुसते, आणि मार्थाबाईंचं संपेपर्यंत थांबून दोघींच्याही बरोबर आमेन म्हणते.